माझ्याखालची पितळी पट्टी

मी घड्याळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोल पितळी चौकट, वर काच, आत पांढरी तबकडी आणि तिच्यावर काळा काटा. एवढं बघून बंदरावर येणारी निम्मी माणसं माझ्याकडे पाहून मनगटावरचं घड्याळ लावायला जातात आणि मग "बंद पडलंय वाटतं हे" असं म्हणून निघून जातात. माझ्या शेजारी खरं घड्याळ टांगलेलं असतं, त्याच्याकडे बघायचे कष्ट कोणी घेत नाही. असो. मी वायुभारमापक आहे. हवेचं वजन सांगणं हे माझं काम, आणि ते मी बासष्ट वर्षं न चुकता केलं आहे.

हवेला कसलं आलंय वजन, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. तुमच्या डोक्यावर, खांद्यांवर, ताटावर, उशीवर सतत तिचा भार असतो, फक्त जन्मापासून सवय झाल्यामुळे तो तुम्हाला जाणवत नाही. मला जाणवतो. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे, आतली हवा काढून घेतलेली. बाहेरची हवा जड झाली की डबी चेपते, हलकी झाली की फुगते. तेवढंच काट्याला कळतं आणि तेवढंच तो तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका उपकरणं बनवणाऱ्याच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. डबी तो घडवायचा, पण काटा त्याची बायको बसवायची, कारण तिचा हात कापत नसे. काटा बसवताना ती श्वास रोखून धरायची आणि नवऱ्यालाही गप्प बसवायची. मग मला फडक्यात गुंडाळून ती जवळच्या पाण्याच्या टाकीचा जिना चढायची. वर हवा थोडी हलकी असते, म्हणून तिथं माझा काटा खाली यायला हवा. तो आला तसा ती हसून म्हणाली, "आहे बाई याला अक्कल." माझं एवढं कौतुक नंतर कोणी केलं नाही.

माझ्यावर आणखी एक काटा आहे, सोनेरी. तो आपण होऊन हलत नाही. बघणाऱ्यानं जाताना तो काळ्या काट्यावर आणून ठेवायचा, म्हणजे परत आल्यावर मधल्या वेळात भार वाढला की उतरला ते कळतं. एवढं सोपं आहे. तरी लोक सोनेरी काटा विसरतात आणि माझ्या काचेवर टिचक्या मारत बसतात. टिचकीचा मला मनापासून राग आहे.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते एका जहाजाच्या कप्तानानं. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको धाकट्या मुलाच्या वेळी बाळंतपणातच गेली. बाळाला त्यानं मुलाच्या मामा-मामींकडे ठेवलं, त्यांना मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीला मात्र कोणाकडे ठेवायला त्याचा जीव होईना. तो तिला जहाजावर घेऊन गेला. त्याचं जहाज पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या समुद्रात फिरायचं, मधल्या रेषेच्या दक्षिणेला. तिथं माझी आणि त्या मुलीची सहा वर्षं गेली.

कप्तानानं नव्या खलाशांसाठी एक पितळी पट्टी कोरून घेतली आणि माझ्या खाली चार स्क्रूंनी पक्की बसवली. तिच्यावर लिहिलं होतं: "वाऱ्याकडे पाठ करा. हलकी हवा उजव्या हाताला. वादळ तिकडे." खलाशी येता-जाता ती पट्टी वाचायचे. मुलगी तर अक्षरं शिकली तीच त्या पट्टीवर.

एके दिवशी तिनं विचारलं, "बाबा, वारा येतो कुठून?"

कप्तान हातातलं काम ठेवून तिच्याजवळ बसला. म्हणाला, "हे बघ. ऊन सगळीकडे सारखं पडत नाही. जिथं जास्त पडतं तिथली हवा तापते, फुगते, हलकी होऊन वर जाते. मग तिथं खाली भार कमी होतो. शेजारची जड हवा ती जागा भरायला धावते. हे धावणं म्हणजे वारा."

"मग एकदाच धावून भरून का नाही टाकत?"

"कारण ती तिथं सरळ पोचतच नाही. पृथ्वी तिला पोचू देत नाही. आण तो खडू."

खोलीत एक ग्रामोफोन होता. त्यानं सुई बाजूला केली आणि एक खराब रेकॉर्ड फिरती ठेवली. तिच्यावर लाकडी पट्टी आडवी धरून तो म्हणाला, "हिच्या कडेनं मधून बाहेर रेघ ओढ. सरळ." मुलीनं जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून रेघ ओढली. रेकॉर्ड थांबवली तर रेघ कोयत्यासारखी वाकडी.

"मी तर सरळ ओढली!" तिला रडूच यायला लागलं.

"सरळच ओढलीस गं. खालून रेकॉर्ड सरकली. वाऱ्याचं तसंच आहे. तो निघतो नाकासमोर, पण खाली पृथ्वी फिरत असते, म्हणून आपल्याला तो वळलेला दिसतो. इथं, या दक्षिणेच्या समुद्रात, तो डावीकडे वळतो. हलक्या हवेकडे निघालेला वारा तिच्यात शिरायच्या ऐवजी तिच्याभोवती गरगरत राहतो. तेच वादळ."

मग त्यानं आणखीही एक वाक्य सांगितलं: "रेषेच्या उत्तरेला मात्र सगळं उलटं असतं, बरं का." पण तोवर मुलगी दुसरी रेघ ओढण्यात गुंग झाली होती. तिनं ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

ती बारा वर्षांची झाली तसं कप्तानानं जहाज सोडलं. रेषा ओलांडून तो उत्तरेला आला, जिथं मामा-मामी राहत होते आणि धाकटा त्यांच्या हाताखाली वाढत होता. तिथल्या छोट्या बंदरावर कप्तानाला निशाणं चढवायचं काम मिळालं. मोठ्या कचेरीतून हवेची बातमी आली की त्याप्रमाणे खांबावर निशाण चढवायचं आणि होड्यांना सावध करायचं. खिडकीतून समुद्र दिसेल अशी वरची खोली होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला भिंतीवर टांगलं, पट्टीकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ही इथं चालायची नाही. काढायला हवी." स्क्रू खाऱ्या हवेनं गंजून बसले होते. त्यानं एकदा पिळून पाहिलं आणि म्हणाला, "उद्या बघू."

त्या उद्याला बावीस वर्षं झाली. त्याला स्वतःला पट्टीची गरजच नव्हती, सगळं डोक्यात होतं. नजरेला सवय झाली की भिंतीवरची वस्तू दिसेनाशी होते. माणसांची ही खोड मी फार जवळून पाहिली आहे.

मग कप्तानाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी तोवर मोठी झाली होती आणि त्याच्याबरोबर कामही करायची, म्हणून जागा तिलाच मिळाली. बंदरावर सगळे तिला ताई म्हणायला लागले. घरी एकट्या बापाला कसं ठेवणार? ती त्याला रोज वरच्या खोलीत आणून आरामखुर्चीत बसवायची, शेजारी ग्रामोफोन लावून द्यायची. धाकटा आता चार गड्यांना घेऊन मोठी बोट चालवत होता. मामा अजून आपली जुनी छोटी होडी एकट्यानं चालवायचे. बोटीवर वायरलेस होता. मामांनी तो कधी बसवून घेतला नाही. "हवा माझ्या गुडघ्यांना कळते, त्यांना वीज लागत नाही," म्हणायचे.

आता मला तो दिवस सांगायला हवा. सांगावासा वाटत नाही, पण सांगतो.

सकाळपासून माझा काटा उतरत होता. ताईनं नऊ वाजता सोनेरी काटा लावला, दुपारी तीनला पाहिलं तर मी सात घरं खाली आलो होतो. एवढं मी त्या बंदरात कधीच उतरलो नव्हतो. तिनं मोठ्या कचेरीला फोन लावला, पण वाऱ्यानं तारांचे खांब पाडले होते. रोजची बातमी आलीच नाही, आणि तिच्याशिवाय वादळ कुठं ते ठरवायची वेळ ताईवर आजवर कधी आली नव्हती. होड्या पहाटेच बाहेर गेल्या होत्या. बाकीच्या कशाबशा परतल्या, पण धाकट्याची बोट आणि मामांची होडी फार लांब होती.

वायरलेस खरखरला. धाकट्याचा आवाज. "ताई, वारा पूर्वेचा आहे. सरळ तोंडावर येतोय. घराकडे बोट सरकतच नाहीये. आडोसा शोधायला हवा. दक्षिणेची खाडी गाठू की उत्तरेच्या बेटामागे जाऊ? लवकर सांग. मामा बाजूलाच आहेत, त्यांना हातानं खूण करतो."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे. पूर्वेकडे पाठ करून ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि लहानपणी जहाजावर करायची तसा उजवा हात लांब केला. हात उत्तरेकडे गेला.

"वादळ उत्तरेला आहे," ती म्हणाली. "धाकट्या, दक्षिणेची खाडी गाठ. मामांनाही सांग."

अरे देवा! रेषेच्या उत्तरेला वाऱ्याकडे पाठ केली की हलकी हवा डाव्या हाताला असते. डावा हात दक्षिणेकडे होता. वादळ दक्षिणेला होतं आणि ती दोघांनाही त्याच्याच तोंडात पाठवत होती. मी काय करणार? मला काटा आहे, तोंड नाही. काटा जोरात उतरवणं एवढंच माझ्या हाती होतं, आणि मी तो उतरवतच होतो. ती ते बघून आणखी घाबरत होती आणि आणखी घाईनं तीच चुकीची गोष्ट पुन्हा सांगत होती. "दक्षिणेला, धाकट्या, दक्षिणेला!"

आरामखुर्चीतून घशातला आवाज आला. कप्तान तिच्याकडे बघून काहीतरी सांगू पाहत होता. तिला वाटलं पाणी हवंय. तिनं पेला पुढे केला तर त्यानं डाव्या हातानं तो उडवून लावला. सगळीकडे पाणी सांडलं.

"बाबा, आत्ता नको ना हट्ट! तुमचा मुलगा समुद्रात अडकलाय!"

कप्तान खुर्चीतून झुकला. ग्रामोफोनवर गाणं चालू होतं. त्यानं डावा तळवा रेकॉर्डवर दाबला, ती थांबवली आणि उलटी फिरवायला लागला. उलट्या गाण्याचा तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. "बाबा, अहो रेकॉर्ड खराब होईल," असं ती म्हणाली खरी, पण तो थांबेना. रेकॉर्ड उलटी फिरवायचा, मग मान वर करून पट्टीकडे बघायचा, मग तिच्याकडे. पुन्हा उलटी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ताईनं बातमी लिहायच्या फळ्याजवळचा खडू उचलला. सुई बाजूला केली. बाप एका हातानं रेकॉर्ड उलटी फिरवत राहिला आणि मुलीनं मधून बाहेर सरळ रेघ ओढली.

रेघ उजवीकडे वळली.

जहाजावर हीच रेघ डावीकडे वळली होती; म्हणजे इथं, रेषेच्या उत्तरेला, सगळं उलटं होतं, पट्टीवरचा उजवा हातसुद्धा. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वायरलेसवर झडप घातली.

"धाकट्या! परत फीर! उत्तरेला जा!"

"अगं मघाशी तर तू..."

"मघाशी मी चुकले. चुकले रे मी! वादळ दक्षिणेला आहे. बेटामागे जा."

मग तो म्हणाला, "मामा पुढे गेलेत. त्यांची होडी हलकी आहे. पावसात दिसेनाशी झाली. मी त्यांना गाठून आणतो."

शेजारच्या घड्याळात पहिल्या निरोपाला एकोणीस मिनिटं झाली होती. ताईनं माझ्या काट्याकडे पाहिलं. तो आणखी एक घर उतरला होता.

"बोटीवर किती जण आहात?" तिनं विचारलं.

"पाच. तुला माहीत आहे की."

"पाचही जणांना घेऊन उत्तरेला वळ. भोंगा वाजवत राहा, मामांना ऐकू गेला तर जाईल."

"ताई, त्या माणसानं मला वाढवलंय!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बिलकूल हलला नाही. "वळ."

तो वळला. वायरलेस बंद झाल्यावर ती जमिनीवर, सांडलेल्या पाण्यातच बसली. कप्तानानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याची बोट पाचही जणांना घेऊन परतली. मामा परतले नाहीत. चार दिवसांनी खाडीच्या तोंडाशी त्यांचा पाण्याचा डबा सापडला. झाकण मामींनी सुतळीनं बांधलेलं होतं, ते तसंच घट्ट होतं.

आठवड्यानं मामी वर आल्या. बुटकी, फटकळ बाई, एरवी जिन्यापासूनच बोलत यायच्या. त्या दिवशी थेट माझ्यापाशी आल्या. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी पट्टी वाचली. अक्षर न अक्षर, बोट ठेवून.

"हेच वाचून सांगितलंस का गं?"

"हो मामी," ताई म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही.

"खोटं लिहिलंय का यात?"

"खोटं नाही. दुसरीकडचं खरं आहे. रेषेच्या खाली असंच असतं. इथं उलटं."

"मग इथं कशाला टांगलंय?"

कप्तानाच्या घशातून पुन्हा तो आवाज आला. मामी त्याच्याकडे वळल्या.

"भावोजी, तुम्ही 'उद्या काढू' म्हणाला असाल. हो ना?"

कप्तानानं मान हलवली. तो लहान मुलासारखा रडत होता.

मामींनी स्क्रूड्रायव्हर मागितला. कोणालाही हात लावू दिला नाही. स्क्रूंवर तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पिळलं. चौथा स्क्रू निघेपर्यंत त्यांचे तळहात सोलपटले. मला भिंतीवर हिसके बसत होते आणि प्रत्येक हिसका मला बरा वाटत होता. माझ्या खाली लिहिलंय म्हणून लोकांनी त्यावर विश्वास ठेवला होता. मी कधी खोटं बोललो नाही, पण माझ्या नावावर एक माणूस गेला.

पट्टी त्यांनी ताईच्या हातात ठेवली. "फेकू नको. खोटी नाहीये ना? खणात ठेव." मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला शिकव. खडू घे आणि सगळं पहिल्यापासून सांग. ते कुठल्या बाजूनं गेले, वारा त्यांच्या कुठून लागला असेल, मला कळलं पाहिजे."

ताईनं सांगितलं. ऊन, तापलेली हवा, भार, वळण. मामी तीन महिने रोज शिकायला येत होत्या. रेघा ओढत होत्या, रेकॉर्ड एकदा सुलटी, एकदा उलटी. त्यातच कधीतरी त्यांनी ताईला जेवलीस का म्हणून विचारलं आणि त्या दिवसापासून डबा घेऊन यायला लागल्या. धाकटा मात्र वर्षभर बहिणीशी बोलला नाही. मग एका सकाळी वायरलेसवर एवढंच म्हणाला, "ताई, आजचा वारा सांग." तिनं सांगितला.

कप्तान त्यानंतर दोन वर्षांनी गेला. मी तिथंच राहिलो. आता मोठ्या कचेरीतून बातमी पडद्यावर येते, चित्रासकट. माझ्याकडे बघणारं कोणी उरलं नाही. काच पिवळी पडली, डबी जरा आळशी झाली. फक्त मामी रोज जिना चढून येतात, नाक काचेला लावून काटा बघतात आणि सोनेरी काटा त्याच्यावर आणून ठेवतात. इतक्या वर्षांत एकदाही विसरल्या नाहीत.

आणि आज मला भिंतीवरून उतरवलं आहे. धाकट्याची मुलगी, ताईची भाची, जहाजावर अधिकारी म्हणून निघाली आहे. जहाज रेषा ओलांडून दक्षिणेला जाणार. ताईनं मला तिच्या हवाली केलं. मग खण उघडला आणि पट्टीही बाहेर काढली. पट्टीच्या वरच्या कडेला तिनं खिळ्यानं स्वतः तीन शब्द कोरले आहेत: "फक्त रेषेच्या दक्षिणेला." अक्षरं वेडीवाकडी आहेत, पण खोल आहेत.

मामी काठी टेकत आल्या. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, म्हणून पट्टीवरून बोट फिरवून वाचलं.

"तिकडे ही खरी ना गं?"

"हो आजी. रेषा ओलांडली की खरी."

"आणि परत येताना?"

"रेषेवरच काढून ठेवीन," भाची म्हणाली. "त्याच दिवशी."

मामींनी माझ्या काचेवर एक टिचकी मारली. टिचकीचा मला राग आहे हे मी आधीच सांगितलंय. पण ती मी मुकाट्यानं सोसली आणि काटा जिथं होता तिथंच अगदी स्थिर धरला. त्यांनी चाचपडत सोनेरी काटा आणला आणि काळ्यावर नीट बसवला.

"सांभाळून जा हो," त्या म्हणाल्या. भाचीला म्हणाल्या की मला, ते कळलं नाही. दोघांनाही असेल.

आता मला फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवताहेत. झाकण लागायच्या आत तुम्हाला एकच सांगतो. भिंतीवर लिहिलेलं वाचा, जरूर वाचा, पण ते कुठं उभं राहून लिहिलंय तेवढं आधी विचारून घ्या. आणि जे काढायचं आहे ते आज काढा. मी निघतो.